राहणारी दाढ

आधी नाव सांगते, मग काय झालं ते सांगते. डॉक्टर ग्लोरिया. ठाण्याजवळच्या बाळकुमच्या, दातांच्या डॉक्टर. या मुलखात मला कुणी उभं केलं असेल तर या बाईंनी. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, धर्माच्या नाहीत, गावच्या तर नाहीतच. माझं गाव हिंगोलीकडं, आणि त्यांना हिंगोली नांदेडच्या अलीकडे की पलीकडे हे शेवटपर्यंत कळलं नाही. तरी शहाडच्या बालगृहात आज मी मावशी म्हणून काम करते, दोन वेळचं खाते, कुणाच्या दारात जात नाही, ते त्यांच्यामुळं. हे पहिल्यांदा लिहून टाकते. पुढं लिहिताना हात थांबला तर एवढं तरी छापून येईल.

आता काय झालं ते. दुपारची वेळ होती. लेकरं झोपलेली, आणि मी मोरीत बसून त्यांचे ब्रश धूत होते. हेलनताईंचा फोन आला. हेलनताई म्हणजे डॉक्टरांची धाकटी बहीण, दोघी बाळकुमच्या घरात एकत्र राहायच्या. ताई म्हणाल्या, “मंगल, ग्लोरिया सकाळी गेली.” आणि मी विचारलं, “कुठं गेल्या?”… खरंच विचारलं. आमच्या बालगृहात ‘गेला’, ‘गेली’ हा रोजचा शब्द आहे. मूल दत्तक गेलं, दुसऱ्या संस्थेत गेलं, मावशी काम सोडून गेली. जिभेला सवय झालीय, गेली म्हटलं की कुठं गेली विचारायची. ताई म्हणाल्या, “मातीला ये.” मग मला कळलं. हातात ब्रश तसाच, नळ चालू. रडायला बसले असते, पण चार वाजता दूध द्यायचं होतं, एकेकाला उठवायचं होतं, कुणी गादी ओली केली असेल तर बदलायची होती. माणूस गेलं तरी आमच्याकडं चार वाजतातच. ते ब्रश मी धुऊन, प्रत्येकाच्या दांडीला बांधलेला लोकरीचा धागा नीट करून, वेगवेगळे टांगून ठेवले. ते धागे डॉक्टरांनीच बांधलेले.

माझी शाळा सातवीत सुटली. लग्न झालं, नवरा रंगाच्या कारखान्यात कामाला म्हणून शहाडला आला, मी त्याच्या मागं. पुढं तो आणखी कुठंतरी काम बघायला गेला आणि गेलाच. परत गावी जायचं तर काय सांगून जायचं? शेजारणीनं बालगृहात लावून दिलं. आमचं बालगृह लहान मुलांचं आहे, सहा वर्षांपर्यंतची लेकरं. ज्यांना कुणी नाही, किंवा असून नाही. सहा पूर्ण झाली की मुलं वेगळीकडं जातात, मुली वेगळीकडं. मावश्याही फार टिकत नाहीत, काम दमवणारं आहे. मला कामाला लागून आठवडा झाला असेल, तेव्हा एका रविवारी पांढऱ्या केसांची, उंच, फ्रॉक घातलेली एक बाई पत्र्याची पेटी घेऊन आत आली आणि माझ्याकडं वरून खाली बघून म्हणाली, “नवीन का गो? राहणारी की जाणारी?”

मला राग आला. म्हटलं, “बघू.”

“बघू म्हणणाऱ्या जातात,” ती म्हणाली आणि पुढच्या लेकराची हनुवटी धरून म्हणाली, “आ कर, राजा.”

तेव्हापासून मी त्यांना ओळखते. एक रविवार सोडून एक रविवार त्या यायच्या. वर्तकनगरला त्यांचा दवाखाना होता, तिथून पेटी घेऊन निघायच्या. लेकरं त्यांना ‘आ-डॉक्टर’ म्हणायची. गेटात दिसल्या की अर्धी लांबूनच तोंड उघडून उभी राहायची, तोंडात माशी जाईपर्यंत.

घरातल्या लेकराचा दात दुखला तर ते घर डोक्यावर घेतं. आमची लेकरं तसं करत नाहीत. रडलं की कुणीतरी येतं हे ज्यांनी कधी बघितलंच नाही, ती रडत नाहीत. गाल सुजून डोळा मिटायला लागतो तरी खेळत असतात. मला हे ठाऊक नव्हतं, मला वाटायचं गप्प लेकरू म्हणजे गुणी लेकरू. डॉक्टरांनी सांगितलं, “तोंड नंतर बघ गो, आधी जेवताना बघ. कोण एकाच बाजूनं चावतो, कोण पोळी वरणात भिजवून नुसती गिळतो, थंड पाणी पिताना कोण मान वाकडी करतो. तिथं दुखतंय समज.” मी पंगतीत उभी राहून बघायला लागले, आणि बघायला लागल्यावर जेवण वाढणं मला जड झालं. निम्मी पंगत वाकड्या मानेनं जेवत होती.

येतानाच लेकरं तसे दात घेऊन येतात. गप्प बसावं म्हणून कुणी बाटलीत गोड चहा घालून दिलेला असतो, कुणी साखरेचं पाणी. बाटली तोंडात ठेवूनच झोपलेली असतात. पुढचे दात पार झिजून काळे खुंट राहिलेले. आणि आमच्याकडं आल्यावर काय, तर सगळ्यांचे ब्रश एका मगात, सगळे एकाच रंगाचे, कारण एका भल्या माणसानं खोकंभर दान दिलेले. कुणाचा कुठला ते देवाला माहीत. पेस्ट गोड म्हणून निम्मी खाल्लेली. डॉक्टरांनी तो मग बघितला. पुढच्या वेळी पेटीतून लोकरीचे गुंडे काढले आणि फरशीवर बसून एकेका ब्रशाला धागा बांधला. लाल तुझा, हिरवा तुझा, पिवळा तुझा. “वाचता येत नाही ना? रंग तर कळतो.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “आणि तू हस बघू. हस ना! बघा, मशेरी लावून लावून कोळसा केलाय, आणि ही पोरांना शिकवणार.” त्या दिवशी मी मशेरीची डबी गटारात टाकली. दोन दिवसांनी नवीन आणली. हे पण त्यांना कळलं, हसून म्हणाल्या, “जाऊ दे, डबी लहान घेतलीस हेही नसे थोडकं.”

डॉक्टरांचं सगळ्यात मोठं भांडण केकशी होतं. कल्याण-डोंबिवलीच्या माणसांचं मन मोठं आहे, हे मी मनापासून लिहिते. कुणाच्या नातवाचा वाढदिवस असो, कुणाच्या लग्नाची पंचविशी असो, लोक आमच्या लेकरांत येऊन साजरा करतात. केक, वेफर, चॉकलेट, रंगीत सरबत. लेकरं टाळ्या वाजवतात, दुसऱ्याचं नाव घेऊन गाणं म्हणतात, फोटो निघतात. ज्यांना स्वतःचा वाढदिवस माहीत नाही ती दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा केक खातात. एकदा एक आजोबा दोन मजली केक घेऊन आले, नेमक्या डॉक्टर होत्या. म्हणाल्या, “केक जेवणाबरोबर द्या, आणि चॉकलेटं माझ्याकडे. गाजर आणा, पेरू आणा.” आजोबा दुखावले. म्हणाले, “अहो डॉक्टर, एक दिवस चालतं हो.” डॉक्टर म्हणाल्या, “तुमचा एक दिवस हो काका. ह्यांचे रोजचेच एक दिवस असतात.”

आजोबा पुन्हा आले नाहीत. ते दर महिन्याला डाळ-तांदूळ पाठवायचे, तेही थांबलं. आमच्या अधीक्षक मॅडम वाईट नाहीत, पण त्यांना स्वयंपाकघर चालवायचं असतं. त्या डॉक्टरांना काही बोलू शकल्या नाहीत, कारण डॉक्टर फुकट येतात. मला बोलल्या. त्या महिन्यात दुसऱ्या एका बाईनं चॉकलेटं वाटायला घेतली तेव्हा मी भीत भीत म्हणाले होते, “डॉक्टरांनी जेवणानंतर सांगितलंय.” बाईनं तक्रार केली, कामवाली आम्हाला शिकवते. मॅडम म्हणाल्या, “मंगल, महिनाअखेर हिशेब घे आणि दुसरीकडे बघ.” मी रात्रभर विचार करत बसले, गावी कुठल्या तोंडानं जायचं. रविवारी डॉक्टर आल्या, त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. पेटी टेबलावर ठेवली आणि मॅडमना म्हणाल्या, “तिला काढताय? मग मला पण काढा. बोलले मी होते, तिनं नुसतं ऐकलं. ऐकणारी मावशी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालीय.” मॅडम हसल्या, विषय संपला. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

आता चंदाचं लिहिते. तिच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

चंदा आली तेव्हा चालत होती, पण बोलत नव्हती. कागदावर वय अंदाजे लिहिलेलं, तिच्या उंचीकडं बघून. एवढीशी होती, काडीसारखी. पुढचे वरचे दात संपलेलेच होते. माझ्या पदराचं टोक मुठीत धरून फिरायची, मी मोरीत तर ती मोरीत, मी गच्चीवर तर ती गच्चीवर. डॉक्टर म्हणायच्या, “हिचा धागा ब्रशाला कशाला, तुझ्या लुगड्यालाच बांधते.” तिला आम्ही नारिंगी धागा दिला होता.

कागदावर तिला पाच वर्षं झाली, त्या सुमारास डॉक्टरांचं येणं बंद झालं. त्यांना कॅन्सर निघाला. वर्तकनगरचा दवाखाना बंद केला, खुर्ची बाळकुमला घराच्या पुढच्या खोलीत नेऊन ठेवली. आम्हाला सगळं नंतर कळलं. तेवढ्या महिन्यांत चंदाच्या खालच्या जबड्यात, डावीकडं अगदी मागं, एक दाढ मला काळी दिसली. मी मॅडमना दाखवली. मॅडम म्हणाल्या, “दुधाचीच ना? पडेल.” मलाही तसंच वाटलं. मागं नवीन दाढ आली हे आमच्या ध्यानातच आलं नाही. नवीन दात यायचा तर आधी जुना पडतो, हे आपल्याला माहीत असतं. तो आपण छपरावर फेकतो, उंदराला सांगतो, तुझा दात मला दे म्हणून. इथं तर काहीच पडलं नव्हतं. खालचा पुढचा एक दात हलत होता, तो खेळताना आपटून हलला असं आम्ही धरून चाललो. चंदा उजव्या बाजूनं चावायची. हळूहळू चावायचंच सोडलं, भात पाण्यात कालवून गिळायला लागली. मी डॉक्टरांना फोन करावा की नाही या विचारात, त्या आजारी आहेत म्हणून, आज करू उद्या करू…

त्या स्वतःच आल्या. डोक्याला रुमाल बांधलेला, हेलनताई बरोबर, पेटी हेलनताईंच्या हातात. लेकरांनी ओळखलं नाही क्षणभर. मग डॉक्टरांनीच तोंड उघडलं, “आ!” आणि सगळी धावली. चंदाची पाळी आली. डॉक्टरांनी छोटा आरसा आत घातला, आणि मग बराच वेळ काढलाच नाही.

“ही कधीपासून काळी आहे?”

“झाले काही महिने. दुधाची आहे ना डॉक्टर, पडेल.”

डॉक्टर खुर्चीत मागं टेकल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, “ही पडणारी नाही गो. ही राहणारी. दुधाच्या दातांच्या मागून गुपचूप येते, काही पाडत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. घरातल्या आयांना कळत नाही, तुला कुठून कळणार. ही साठ वर्षं पुरायला आलेली असते, आणि येताच हिला आपण दुधाची समजून मरू देतो.”

तिथं मला पहिल्या रविवारचा त्यांचा प्रश्न आठवला. राहणारी की जाणारी.

पण ती दाढ एवढ्यावर थांबली नाही. डॉक्टरांनी चंदाच्या कागदावर लिहिलं की ही कायमची दाढ आहे, उपचार लागतील. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, “कायमची दाढ म्हणजे… ही पाच वर्षांची नाही?” डॉक्टर म्हणाल्या, “नाही. खायला मिळालं नाही म्हणून बुटकी राहिली. सहा पूर्ण झालीत हिला.” सहा पूर्ण म्हणजे चंदाला आता आमच्याकडं राहता येणार नाही. जी दाढ राहायला आली, तिनंच चंदाला जायची वेळ आणली. मॅडमचाही इलाज नव्हता, पाळण्यात नवी लेकरं जागेची वाट बघत असतात. मी डॉक्टरांच्या मागं गेटापर्यंत गेले. म्हटलं, “डॉक्टर, साडेपाच लिहा ना. कोण बघायला येतंय?”

“आणि सहा महिन्यांनी?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

“बघू म्हणणाऱ्या…” एवढं म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “खोटं लिहिणार नाही गो. पण खरंच लिहिते, की ही दाढ पूर्ण झाल्याशिवाय हिला हलवू नका. दुसरीकडं गेली की कोण हिला घेऊन बाळकुमला येणार? इथं निदान तू आहेस.”

तसं त्यांनी लिहिलं, बालकल्याण समितीनं मान्य केलं. दाढेवर कॅप, म्हणजे टोपण, बसेपर्यंत चंदा माझ्याकडं. मग आमच्या बाळकुमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी शहाड सोडून कुठं जायचे नाही, मला रस्ता चुकायची फार भीती. परवानगीचा कागद पदराला पिन लावून अडकवायचे, चंदाचा हात एवढा घट्ट धरायचे की तीच म्हणायची, “मावशी, दुखतंय.” रिक्षा, मग बस, मग पुन्हा विचारत विचारत. बाळकुमला आता उंच उंच इमारती झाल्यात, त्यांच्या मधोमध डॉक्टरांचं बैठं घर, दाराशी क्रूस, अंगणात शेवग्याचं झाड. पुढच्या खोलीत ती खुर्ची. हेलनताई दिवा धरायच्या. दाढेची मुळं अजून कच्ची होती म्हणून घाई करून चालत नव्हतं. साफ करायचं, औषध भरायचं, बंद करायचं, काही आठवडे वाट बघायची, पुन्हा उघडायचं. प्रत्येक वेळी डॉक्टर आणखी बारीक झालेल्या दिसायच्या. मधेच हात थांबवून डोळे मिटून बसायच्या. चंदा तोंड उघडं ठेवून वाट बघायची, हुं नाही की चूं नाही.

माझी दोन्हीकडून ओढाताण चालली होती. दाढ लवकर बरी व्हावी, कारण डॉक्टरांकडं दिवस कमी होते हे दिसत होतं. आणि दाढ लवकर बरी होऊ नये, कारण झाली की चंदा जाणार. डॉक्टरांना कळायचं. एकदा औषध नीट लागू पडलं म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “दाढ हिची वाचली, तोंड तुझं का पडलं?” मग हसल्या, खोकला आला. हेलनताई रागावल्या, “ग्लोरिया, बस्स झालं आज.” डॉक्टर म्हणाल्या, “हिच्यावर कॅप बसते म्हणून बसवतेय. माझ्या आतल्या किडीवर बसत असती तर मी पण बसवली असती.”

शेवटच्या खेपेला स्टीलची चकचकीत कॅप बसली. डॉक्टरांनी हेलनताईंना आत पाठवून वाटीत भाजलेले चणे मागवले. चंदाच्या हातावर एक ठेवला. “डावीकडं. माझ्यासमोर.” चंदानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं चणा डावीकडं सरकवला आणि भीत भीत दात मिटले… कुड्. स्वतःच दचकली. मग दुसरा घेतला. कुड्. मग मूठभर तोंडात कोंबले. डॉक्टर खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, “ऐक गो मंगल. याच्यासाठी शिकले मी.”

निघताना मी म्हटलं, “डॉक्टर, तुमचे उपकार…” तर म्हणाल्या, “उपकार बिपकार नाही, फी द्यायची.” मी घाबरले. त्यांनी पेटीतून तोंडात घालायचा छोटा आरसा काढून माझ्या हातात दिला. “ही जिथं जाईल तिथं सहा-सहा महिन्यांनी जाऊन हिचं तोंड बघायचं. ही माझी फी. मी नसले तरी द्यायची.”

“मला कोण आत सोडेल? मी सातवी शिकलेली बाई.”

“आ कर म्हणायला किती शिक्षण लागतं गो?”

चंदा पुढच्याच आठवड्यात गेली, घोडबंदरच्या बाजूला मुलींच्या संस्थेत. गाडीत बसताना रडली नाही. तिचा नारिंगी धाग्याचा ब्रश मी पिशवीत घातला होता. तिनं काढून बघितला, परत ठेवला.

डॉक्टरांना मी त्यानंतर एकदाच भेटले. अंथरुणात होत्या, बोलायला त्रास होत होता. मी पायाशी बसले. म्हणाल्या, “चंदाकडं गेलेलीस?” मी म्हटलं, “अजून सहा महिने कुठं झाले डॉक्टर.” त्यांनी डोळ्यांनी बरं म्हटलं.

मातीला मी उशिरा पोचले. चर्चमधलं मला काही येत नव्हतं, कधी उभं राहायचं, कधी बसायचं, पुढच्या बाईकडं बघून करत होते. शवपेटी उघडी होती. पांढरा लेस लावलेला फ्रॉक, हातात जपमाळ. आणि तोंड घट्ट मिटलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या बाईचं तोंड असं मिटलेलं बघून मला कसंतरीच झालं. मूठभर माती टाकली आणि संध्याकाळच्या जेवणाला परत आले.

मग आता या महिन्यात गेले घोडबंदरला. जाऊ की नको करत, आरसा उकळून स्वच्छ फडक्यात गुंडाळून, चण्यांची पुडी घेऊन. गेटावर वॉचमननं अडवलं. “ओ मावशी, किधर? भेटायचा टाइम नाही आज. कोण लागता तुम्ही?” काय सांगणार… मी म्हटलं, “मावशी.” तो म्हणाला, “सख्खी?” मी म्हटलं, “नाही.” म्हणाला, “चिठ्ठी आणा ऑफिसची.” मी बाजूला उभी राहिले. परत फिरायला निघालेच होते. एवढ्यात मुली शाळेतून ओळीनं आल्या, आणि ओळीतली एक थांबली. उंच झालेली, वेण्या घातलेली. मला वाटलं मावशी म्हणून हाक मारेल, रडेल, गळ्यात पडेल. तिनं गेटाच्या गजांना धरलं, मान वर केली आणि तोंड उघडलं.

“आ…”

वॉचमन बघतच राहिला. मी मोबाइलची बॅटरी लावली. आरसा आत घातला, तर डावीकडं मागं कॅप झगझगत होती. तशीच्या तशी. मी पुडी दिली, तिनं चणा डावीकडं घेतला आणि माझ्याकडं बघत चावला, मला ऐकू जाईल असा. तोवर मागच्या मुली गोळा झालेल्या. “काय बघते गं ही?” “दात बघते.” “मावशी, माझे पण बघा ना.” एक, दोन, मग सगळ्याच, गजांतून तोंडं उघडून उभ्या. एका तोंडातला आरसा दुसऱ्या तोंडात घालायचा नाही हे डॉक्टरांनी शिकवलेलं, म्हणून आरसा गुंडाळून ठेवला आणि नुसत्या बॅटरीनं बघत गेले. किती जणींच्या राहणाऱ्या दाढा काळ्या होत्या… मी मोजल्या नाहीत. मोजून कुणाला सांगणार होते? वॉचमन जवळ येऊन हळूच म्हणाला, “मावशी, वरची माझी पण ठणकते हो, बघता का जरा?” त्याचीही बघितली. त्याला म्हटलं डॉक्टरकडं जा. जाऊ शकतो तो माणूस. मुली कुणाकडं जाणार?

निघताना चंदाला पुन्हा एकदा आ करायला सांगितलं. डावीकडची बघून समाधान झालं होतं, उजवीकडं नीट बघितलंच नव्हतं. उजव्या दाढेवर मधोमध एक तपकिरी ठिपका आहे. अजून एवढासाच, तिळाएवढा. दुखत नाही म्हणाली. ती म्हणणारच, दुखत नाही.

आरसा आता इथं मोरीत, लेकरांच्या ब्रशांच्या ओळीत टांगलेला असतो. त्यालाही मी धागा बांधलाय, डॉक्टरांच्या उरलेल्या गुंड्यातला, पांढरा. सकाळी ब्रश वाटताना तो हलतो आणि कुणीतरी लेकरू विचारतं, “हा कुणाचा?” मी सांगते, आ-डॉक्टरांचा. नवीन आलेली विचारतात, ती कुठं गेली? मी पेस्ट लावायला घेते, वाटाण्याएवढी, जास्त नाही.

मी दुसऱ्या कुणा दातांच्या डॉक्टरला ओळखत नाही. शोधते आहे, मॅडमना विचारलंय, हेलनताईंना विचारलंय, आणि आता इथं लिहून तुम्हालाही विचारते. मोठ्या लोकांशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो, पण आ कर म्हणायला शिक्षण लागत नाही, तसं विचारायलाही लागत नसावं. डॉक्टर, तुमची फी माझ्याकडं बाकी आहे. एकदम नाही जमणार, एकेक तोंड बघत देईन, पण एक दिवस सगळी फेडीन. आधी चंदाची उजवी बाजू.